नानांना विचारायचं राहिलं

प्रिय निशांत,

नानांना पुण्याला नेण्याबद्दलचा तुझा लांबलचक मेसेज वाचला. मुद्देसूद आहे, ऑफिसात तू इतका वर कसा चढलास ते कळतं. लिफ्ट आहे, जनरेटर आहे, मराठी बोलणारा माणूस दिवसभर सोबतीला मिळेल, हॉस्पिटल सोसायटीच्या दारात आहे, आणि मुख्य म्हणजे आपली पॉलिसी तिथे चालते. वाचता वाचता मलाच वाटलं की आपणच जाऊन राहावं तिकडे. नवऱ्याची काळजी नाही, शामला खिचडी करता येते, त्याचं काही अडणार नाही. पण तू तिकिटंही काढून ठेवली आहेस, तेव्हा गंमत पुरे. नाना पुण्याला जाणार की इथेच जुन्या इंदूरमध्ये आमच्याकडे राहणार, याचं उत्तर मला द्यायचं आहे. ते एका ओळीत देता येईल, पण एका ओळीत दिलेलं तू ऐकत नाहीस. लहानपणापासूनचा अनुभव आहे.

नानांना अर्धांगाचा झटका आला तेव्हा तू विमानाने आलास, आठवडाभर आयसीयूच्या दाराशी बसलास आणि डिस्चार्जचे कागद वाचून गेलास. त्या कागदांत फक्त झटका आहे. तो कसा आला आणि त्यानंतर काय आलं, हे कागदात मावत नाही. तर ऐक.

नानांच्या हृदयाचे ठोके चुकतात, म्हणून डॉक्टरांनी रक्त पातळ ठेवायची गोळी दिली होती. बीपीची होतीच. दोन्हींपुढे चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'जेवणानंतर'. आता आपले नाना म्हणजे विमा कंपनीत उभा जन्म लोकांचे क्लेम 'नियमात बसत नाही' म्हणून परत पाठवलेला माणूस. जेवणानंतर म्हणजे जेवणानंतर. मग ज्या दिवशी जेवणच नाही त्या दिवशी? गोळी नाही. सरळ हिशेब. सोमवार धर, दोन्ही एकादशा धर, संकष्टी धर, आणि आई गेल्यापासून गुरुवारही. मी म्हटलं, अहो नाना, दुपारी भांडंभर साबुदाण्याची खिचडी खाल्लीत, वर दाण्याची आमटी आणि भगर, वर रताळ्याचा कीस, मग गोळी का नाही घेतली? तर म्हणाले, यामिनी, ते जेवण नव्हे, तो फराळ. त्यांच्याशी वाद कोण घालणार? हे बोलणं झालं तेव्हा मी हसले आणि शेजारच्या सुनीताभाभींना जाऊन सांगितलं, त्याही हसल्या. आमच्या गल्लीत बरेच दिवस हा विनोद चालला.

ती संकष्टीच होती, गणपती उठल्यानंतरची. सकाळी नानांच्या हातातलं वर्तमानपत्र गळून पडलं, आणि उचलायला वाकले ते तसेच एका अंगावर कलले. तोंड वाकडं. आपल्या घराण्याचं निदान तयारच होतं, उपासाने चक्कर आली. सुनीताभाभींनी लिंबू-साखर-पाणी आणलं, ते अर्धं सदऱ्यावर सांडलं. कुणी म्हणालं पडू द्या थोडा वेळ, कुणी तळपाय चोळले. नंतर डॉक्टर मला म्हणाले, गिळता येत नसलेल्या माणसाला पाणी पाजू नका, छातीत जातं. आपण ते अगदी प्रेमाने पाजत होतो.

मग तुला फोन केला. तू म्हणालास, ताई, लिस्टवरच्याच हॉस्पिटलमध्ये ने, कॅशलेस होईल. शाम म्हणाला बरोबर, मी म्हटलं बरोबर. आपल्या घरात एवढं एकमत तेव्हा पहिल्यांदा झालं. घरापासून हाकेच्या अंतरावर एक मोठं हॉस्पिटल होतं, पुढे आणखी एक. दोन्हींच्या पाट्यांवर स्ट्रोकची सोय म्हणून लिहिलेलं, आणि दोन्ही आपल्या लिस्टवर नाहीत. आपण ती टाकून शहराच्या दुसऱ्या टोकाला निघालो, संकष्टीच्या दिवशी, खजरान्याच्या गणपती मंदिरावरून. इंदूरचा माणूस असून हे तुझ्याही डोक्यात आलं नाही आणि माझ्याही. रस्ता माणसांनी, हारांच्या ढिगांनी आणि ई-रिक्षांनी गच्च. गाडी मुंगीसारखी. नाना मागे माझ्या मांडीवर. वाटेत दोनदा त्यांनी डावा हात उचलून काचेवर आपटला, आणि तोंडातून काहीतरी घोगरं आलं. मला वाटलं, गणपतीला नमस्कार करायचाय. मी काच खाली केली, आणि त्यांचा हात धरून त्यांच्या कपाळाला लावला.

पोचलो तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं, गुठळी विरघळवायचं इंजेक्शन ठरावीक वेळेतच देता येतं, ती वेळ उलटून गेली. कॅशलेस मात्र झालं. एका फटक्यात मंजूर. रिसेप्शनवरच्या पोरीने अभिनंदन केल्यासारखं सांगितलं. नंतर चौकशी केली तेव्हा कळलं, अशा वेळी लिस्टबाहेर गेलो असतो तरी आपल्या पॉलिसीत खर्च मागून मिळाला असता. विमा आपला पक्का होता रे. आपणच त्याला भलत्या जागी देव करून बसवलं.

त्यानंतर उजवा हात गेला, पाय ओढत का होईना चालू लागला, आणि भाषा गेली. म्हणजे मराठी गेली. तुला आठवतंय, ताटावर बसून तू 'चाबी' म्हणालास की 'किल्ली' म्हणेपर्यंत नाना तुझी पोळी अडवून ठेवायचे? इंदुरात राहून घरात हिंदीचा एक शब्द येऊ न देणारा माणूस. मराठी समाजाच्या कार्यक्रमात सूत्रसंचालकाने 'तालियाँ' म्हटलं म्हणून उठून निघून गेलेला. त्या माणसाच्या तोंडून दीड महिन्याने पहिला शब्द आला तो 'भिया', इंदूरचा 'भैया'. नर्सला म्हणाले. मग 'पानी', मग 'नी', म्हणजे 'नाही', आपल्या इंदुरी हिंदीतलं. डॉक्टर म्हणाले, दोन भाषांतली एक आधी परत येते, कधी दुसरी येतच नाही, कारण नक्की सांगता येत नाही. विनीता नावाची मुलगी येते बोलणं शिकवायला, नाशिकची आहे, स्वच्छ मराठी. तिने पोह्यांच्या बशीचं चित्र दाखवून विचारलं, आजोबा, हे काय? नानांनी चित्र नीट न्याहाळलं आणि म्हणाले, पोहा, जीरावन कां है? विनीताला जीरावन म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. मी पोह्यांवर भुरभुरायच्या त्या मसाल्याची डबी आणून दाखवली, तर ती हुंगून दोनदा शिंकली आणि नाना हसले. झटक्यानंतर पहिल्यांदा, त्या अर्ध्याच चेहऱ्याने.

आणि माझ्याशी पहिलं पूर्ण वाक्य कधी बोलले सांगू? दिवाळीनंतर. मी त्यांची नखं कापत होते. माझ्याकडे टक लावून बघत, शब्दाशब्दाला थांबत म्हणाले, बीच वाले में क्यों नी रुके? मला आधी कळलंच नाही. मग काचेवर आपटलेला हात आठवला, दोन्ही वेळा हॉस्पिटलच्या पाटीसमोरच. त्यांना देवाला नमस्कार करायचा नव्हता निशांत. त्यांना उतरायचं होतं. गाडीत आपण ज्याला अर्धवट शुद्धीत समजत होतो तो एकटाच शुद्धीवर होता.

तेव्हापासून मी काही गोष्टी पक्क्या केल्या आहेत आणि त्यात कुणाचं ऐकत नाही. गोळ्यांची चिठ्ठी डॉक्टरांकडून नव्याने लिहून घेतली, 'रोज, जेवण असो, फराळ असो की निर्जळी.' डॉक्टर हसले, पण लिहिलं. बीपी मी स्वतः मोजते. तूही तुझं मोजून घे. आपण त्यांचीच मुलं आहोत आणि तुझा स्वभावही नियमात बसणाऱ्यांतला आहे. तोंड वाकडं झालं, हात खाली पडला, जीभ जड झाली की सगळ्यात जवळचं स्ट्रोकचं हॉस्पिटल, पाटीवर नाव कुणाचंही असो, हे शामपासून दूधवाल्या मनीषपर्यंत सगळ्यांना पाठ करून घेतलंय. मनीष तर आता गिऱ्हाइकांनाही सांगतो. दूध पातळ का, विचारलं की विषय बदलायला त्याला बरं पडतं.

मागच्या रविवारपर्यंतचं रोजचं चित्र सांगते. संध्याकाळी नाना काठी घेऊन गल्लीच्या तोंडापर्यंत जातात. मनीष ओरडतो, क्या नाना, कैसे हो? नाना दम घेतात, आणि गल्ली थांबते. खरंच थांबते रे, स्कूटरवाला पाय टेकवून उभा राहतो. मग उत्तर येतं, चकाचक, भिया. तेवढ्या एका शब्दासाठी ते घरात तासभर पुटपुटत असतात. परवापरवापर्यंत तर दोन दोन वाक्यं जोडायला लागले होते. माझ्या भाजीला 'इसमें नमक डाला कि भूल गी' असं म्हणाले. इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडचं टीकेचं वाक्य मला पहिल्यांदा गोड लागलं. तुझ्या अकराव्या मजल्यावर त्यांना मराठी बोलणारा माणूस मिळेल, हे कबूल. पण तो मराठीत विचारेल, आणि नाना त्याच्याकडे नुसते बघत राहतील. मग तो आपला मोबाइल काढील.

आता ज्यासाठी हे लिहायला बसले ते. मागच्या रविवारी तुझा फोन आला, मी स्पीकरवर टाकला होता, हात कणकेत होते. नाना शेजारी बसून डाव्या हाताने मटार सोलत होते. तू म्हणालास, ताई, भावनेत वाहू नकोस, त्यांना आता काय कळतंय, इथे काय आणि तिथे काय. मी फोन बंद करेपर्यंत नानांनी हातातली शेंग न सोलता परातीत ठेवली होती. त्या दिवसापासून ते एक शब्द बोललेले नाहीत. मनीषला नुसते हात जोडतात, विनीता आली की तिची चित्रं पालथी ठेवतात. आम्ही घाबरून पुन्हा स्कॅन केला. डॉक्टर म्हणाले, डोक्यात नवीन काही नाही. नसणारच. फोनवर हे तुला सांगता येत नाही, कारण आपलं घर केवढं आहे ते तुला ठाऊक आहे आणि नाना सगळं ऐकतात. त्यांना सगळं कळतं, निशांत. म्हणून तिकिटं रद्द कर, आणि त्याऐवजी तुझं एकट्याचं इंदूरचं काढ. ये, त्यांच्यासमोर बस, जे म्हणालास त्याची त्यांच्याकडे माफी माग, आणि विचार की नाना, कहाँ रहोगे. हिंदीतच विचार, पोळी कुणी अडवणार नाही. ते पुणे म्हणाले तर त्यांची बॅग मी स्वतः भरीन आणि स्टेशनावर डोळेही पुसणार नाही. पण त्यांच्या तोंडून ऐकल्याशिवाय त्यांना या घरातून मी कुणालाही हलवू देणार नाही, तुलाही नाही. मधेच त्यांचं वाक्य पूर्ण करू नकोस, अंदाज बांधू नकोस. उत्तर यायला वेळ लागतो. सुट्टी जरा जास्तच घेऊन ये.

तुझीच, पण आत्ता आधी नानांची,
यामिनीताई