उजवी पाकळी

१२ जानेवारी १९३६, गुंजी
बेळगावच्या शाळेतून रजा काढून घरी आलो. बहिणीच्या, गंगीच्या स्थळाचं घोंगडं अजून भिजतंच आहे. मुलगा हिंडलग्याचा, जेलात शिपाई, बिजवर. आप्पांना पसंत. गंगी गप्प. गावच्या देवीच्या दोन्ही खांद्यांना फुलाची एकेक ओली पाकळी चिकटवून कौल लावला. उजवी पाकळी पडली तर हो, डावी पडली तर नको. दोन्ही चिकटूनच राहिल्या! आता आप्पा म्हणतात, "देवी मूळची गोव्याची. फिरंग्याच्या भ्यानं हिकडं आली. मूळ ठाण्यावरच इचारू. जिच्यासाठी कौल लावायचा, ती गंगी बी संगं पायजे." मला काय, जुनं गोवं बघायला मिळतंय. बहिणीच्या जिवावर सहल.

१४ जाने., पणजी
हद्दीवर फिरंगी शिपायानं कौलासाठी घेतलेल्या पाकळ्यांची पुडी हुंगून बघितली. आप्पा म्हणाले, "तंबाखू वाटली असंल रं त्येला." मुरगावला समुद्र. लाटेत पाय घालून गंगी हसली. किती दिवसांनी!

१५ जाने., पणजी
जुन्या गोव्यास जाऊन आलो. नदीकाठची कमान, अर्धा ढासळलेला मनोरा. थोरल्या चर्चचं छत बघता बघता आप्पांचं पागोटं पडलं. ते उचलून हळूच हातही जोडले. केवढं बंदर होतं हे, आता नुसते माड. मूळ ठाणं मात्र कुणाला ठाऊक नाही. एक म्हातारी म्हणाली, "हांगाच खंय तरी आशिल्लें." म्हणजे इथंच कुठंतरी होतं. शेवटी एका पडलेल्या महालाचा काळ्या दगडाचा दरवाजा दिसला. एकटाच उभा, भिंती नाहीत. नक्षी आपल्याकडची. आप्पा म्हणाले, "ह्योच." दोन्ही खांबांना पाकळी लावली, गाऱ्हाणं घातलं.
एक पडली.
"उजवी! दिला कौल!"
गंगी दरवाज्याच्या पलीकडं उभी होती. "आप्पा, हिकडनं डावी हाय."
देवीचं तोंड कुणीकडं होतं? आत कुठलं, बाहेर कुठलं? आप्पा माझ्याकडं वळले, "मास्तर न्हवं तू? सांग की!" मला हसू फुटलं. मग गंगीकडं बघितलं. ती हसत नव्हती, माझ्याकडंच बघत होती. फार लाज वाटली माझी मला.

१६ जाने., लोंढा स्टेशन
गाडीला अवकाश आहे. आप्पा सकाळपासून एकच, "आता कुठं इचारायचं रं?"
गंगी भाकरी वाढत होती. मान वर न करता म्हणाली, "दोन ठिकाणी इचारलासा. मला कवा इचारणार?"
आप्पांनी घास खाली ठेवला, शेजारचं गाठोडं सरकवून जागा केली. मग म्हणाले, "बस हितं."
मी पाण्याचं निमित्त करून उठलो. फलाटाच्या टोकाला बसून हे लिहितोय. ती दोघं तिथंच आहेत. आप्पा काहीतरी विचारतायत. इथनं ऐकू येत नाही.