कपाळापुरते फोटो

मंगळवार, ४ मार्च
शुभंकर रविवारी त्याच्या आईला आमचं सांगणार! आज चहाला म्हणाला, ‘बस झालं, सांगूनच टाकतो.’ दोन वर्षं वाट पाहिली, बाप्पा. यवतमाळची सून चालेल का त्यांना, कुणास ठाऊक. तरी दिवसभर एकटीच हसत होते.

आणि ऑफिसात काम कसलं, तर वधूवर सूचक मंडळाचं! बिबवेवाडीतलं, मालकीण मंदाकिनीताई. मंडळातल्या मुलामुलींचे फोटो जुन्या सॉफ्टवेअरमधून नव्यात न्यायचेत. यादी उघडली तर फोटोच्या जागी ffd8ffe0… अशी न संपणारी ओळ. घाबरलेच. माधवसर म्हणाले, ‘अगं, फोटोच आहे तो. डेटाबेसला चित्र काढता येत नाही. एकेका बाइटची दोन-दोन अक्षरं करून दाखवतो.’

सगळ्यांची ओळ ffd8 नेच सुरू. असे फोटो असेच सुरू होतात म्हणे. गोरी, सावळी, अमेरिकेतला, हडपसरचा — सुरुवात एकच! मला फार आवडलं हे.

बुधवार, ५ मार्च
अक्षरांचे पुन्हा बाइट केले. फोटो उघडले — पण कपाळापर्यंतच! केस, टिकली आणि खाली नुसता करडा पट्टा. बहुतेक सगळ्यांचं तेच. काम बघायला आलेल्या मंदाकिनीताई पडद्याकडे बघत म्हणाल्या, ‘भांग छान आहे मुलीचा. चेहरा लग्नानंतर दाखवणार का?’ हसू आवरेना, बाथरूममध्ये पळाले.

गुरुवार, ६ मार्च
चूक माझीच. भैताड कुठली! यादी एक्सेलमध्ये घेतली होती. त्याच्या एका घरात बत्तीस हजार सातशे सदुसष्ट अक्षरं मावतात, पुढचं राहिलंच. आता सरळ डेटाबेसमधूनच काढते. फोनवर शुभंकरला हा किस्सा सांगितला, तर हसलाच नाही. ‘कुठलं मंडळ?’ एवढंच विचारलं. रविवारचं टेन्शन आलंय बिचाऱ्याला.

शुक्रवार, ७ मार्च
मंडईतून अंजीर आणले. त्याच्या आईला आवडतात. परवा त्याच्याच हाती पाठवते!

शनिवार, ८ मार्च
सगळे फोटो पूर्ण उघडले. चारशे बारा.

तीनशे सहावा शुभंकर. निळा शर्ट, मागे कात्रजचा तलाव. तो फोटो मी काढलाय. आम्हा दोघांशिवाय कुणाकडेच नाही.

नोंदणी ३ मार्च. अपेक्षा — मुलगी पुण्यातलीच हवी. फॉर्म भरणारा — स्वतः.