मोनितो-मोनिता बंद करण्याबाबत

२५ नोव्हेंबर २०१९

झालं! निघाल्या चिठ्ठ्या! ज्याचं नाव निघेल त्याला तीन आठवडे गुपचूप भेटी द्यायच्या, आणि नाताळच्या पार्टीत ‘मीच तो!’ म्हणून मिरवायचं. तीस वर्षं झाली, शाळेत हा मोनितो-मोनिता चालू आहे. माझ्या कपाटात चौदा मग साठलेत. एकटी बाई मी — चौदा मगांतून काय पिऊ?

मला निघाले ग्रेगोरियो सर, आमचे पी.टी.चे. दर आठवड्याला भेटीचा एक विषय; पहिला ‘काहीतरी मऊ’. त्यांच्या टेबलावर उकडलेलं रताळं ठेवून आले. मऊ आहे की!

२ डिसेंबर

‘काहीतरी लांब’. माझ्या टेबलावर हातहातभर चवळीच्या शेंगा, वर रिबन. सोबत चिठ्ठी — “बाईंच्या भाषणाएवढ्या नाहीत, गोड मानून घ्या.” सगळी स्टाफरूम खिदळतेय. मीही हसले, पण आतून अशी भडकले!

३ डिसेंबर

दिला अर्ज. अदोनिस सर, आमचे हेडमास्तर — माझाच विद्यार्थी, सातचा पाढा कधी आला नाही — डोकं खाजवत म्हणाले, “बाई, तुम्ही सगळ्यांत सीनियर. तुम्ही म्हणाल तर बंद. पण हे सुरू कुणी केलं ते तरी शोधा. उगाच कुणाचं मन नको दुखवायला.”

५ डिसेंबर

ग्रेगोरियो सर म्हणतात, त्यांच्या आत्याने मनिलाहून आणलं. कँटीनवाली ओपिंग म्हणते, स्पॅनिश पाद्र्यांनी. आणा त्या पाद्र्यांना, धुवा म्हणावं माझे मग! सुरू झालं तेव्हा मी नवीन होते, कल्पना कुणाची ते विचारलंच नाही; दुधाच्या पावडरीच्या डब्यातून चिठ्ठी काढायची, एकच भेट द्यायची, संपलं. हे ‘मऊ’ आणि ‘लांब’ ग्रेगोरियो सरांनी मागाहून घुसडलेलं. छाती फुगवून कबूल केलं त्यांनी.

९ डिसेंबर

‘काहीतरी आवाज करणारं’. माझ्या खुर्चीखाली जिवंत कोंबडी!! अख्खी तिसरी ‘ब’ तिच्यामागे, मी पोरांच्या मागे. शेवटी मीच पकडली, नकाशाच्या कपाटावर. हसून हसून पोट दुखलं.

तरी अर्ज मागे घेणार नाही. शब्द म्हणजे शब्द.

११ डिसेंबर

परवा पार्टीत हेडमास्तर जाहीर करणार — हे शेवटचं वर्ष. पुरिंगबाईंना तेवढं विचारायचं राहिलंय. मी नोकरीला लागले तेव्हाच्या मोठ्या बाई. उद्या जाते.

१२ डिसेंबर

“कुणी सुरू केलं म्हणजे? मीच!” पुरिंगबाई म्हणाल्या. शहाऐंशी वर्षांच्या, आवाज अजून खणखणीत. “तू तिकडून समार बेटावरून नवीन आलेलीस. इथली बोली येईना, पोरं घाबरायची तुला. नाताळला बाकी सगळ्या बाईंच्या टेबलांवर पोरांच्या भेटींचे ढीग, तुझं टेबल मोकळं. हसत हसत संडासात गेलीस आणि नळ सोडून रडलीस. मी बाहेर उभी होते गं.”

मी म्हटलं, “पण पुढच्या वर्षी माझं नाव तुम्हालाच निघालं! केवढं नशीब वाटलं होतं मला.”

“निघालं कसलं! तुझी चिठ्ठी मी डब्यात टाकलीच नव्हती. माझ्या मुठीत होती.”

तशीच हेडमास्तरांच्या घरी गेले, अर्ज परत मागून घेतला आणि त्यांच्या अंगणातच फाडला.