उजव्या टाकीतले शिंपले

पुणे, २ सप्टेंबर २००२

ती. सहादूमामांस तृप्तीचा सा. न. वि. वि.

नाशकात द्वारका चौकात पुण्याच्या गाडीत दिलेली स्लाइडची पेटी पोचली. मामा, मी पार वैतागलेय. मायक्रोस्कोप इथे, शिंपले तुमच्या कॉलेजात. हादरा बसला की शिंपल्याच्याही अंगात घाबरल्याचं रसायन सुटतं आणि जंतू गिळणाऱ्या रक्तपेशी ढिल्या पडतात, एवढंच मला दाखवायचंय. डाव्या टाकीतल्या, हलवलेल्या शिंपल्यांच्या पेशी ढिल्या आहेतच. पण उजव्या टाकीतल्या, न हलवलेल्यांच्याही तशाच! दिवाळीपर्यंत फरक दिसला नाही तर विषय सोडा, असं सर म्हणाले. तीन वर्षं पाण्यात जातील. रविवारी लॅबचं कुलूप काढल्यापासून काय काय करता ते सगळं लिहा, क्षुल्लक वाटलं तरी.

लोभ आहेच, तो आटू देऊ नका.

तृप्ती

नाशिक, ७ सप्टेंबर

चि. तृप्तीस अनेक आशीर्वाद.

जेवतेस ना? मागेही विचारलं होतं, उत्तर नाही. पंचवीस वर्षं लॅबमध्ये अटेंडंट आहे, पण अशी उलटतपासणी कुणी घेतली नव्हती! तर ऐक. चपला बाहेर काढतो. डावे शिंपले चाळणीत पंधरा मिनिटं हलवतो. उजव्यांना धक्का लावत नाही. फक्त रक्त काढायच्या आधी एकेकावर दाभणाने टकटक करतो, चांगली चारपाच वेळा. मिटला की जिवंत. आमची आई गोदावरीच्या डोहातून शिंपले आणून विकायची. मेलेला शिंपला कुणाच्या पदरात घालायचा नाही, हा तिचा दंडक. मग तुझ्या पदरात कसा घालीन?

माया आहे ती वाढव.

सहादूमामा

पुणे, १२ सप्टेंबर

ती. मामांस सा. न.

टकटक! तोच तर हादरा! तीन महिने मी इथे डोळे फोडतेय आणि तुम्ही तिथे दाभण चालवताय! यापुढे हातही लावू नका. मेलेला निघाला तर निघू दे. प्रत्येकाच्या जिवाची खात्री कशाला करत बसता?

तृप्ती

पुणे, १० ऑक्टोबर

ती. मामांस सा. न. वि. वि.

फरक दिसला! उजव्या टाकीतल्या पेशी दुपटीने जंतू गिळताहेत. सरांनी स्वतः पाहिलं, वर चहा पाजला. पण चार पेट्या आल्या, त्यांत नुसत्या स्लाइड. परवाची तर मी उलटी करून झटकली, तरी एक चिठ्ठी नाही. फार चुकले मी. रागाच्या भरात लिहून गेले. इथे कुणी विचारत नाही, मामा, आणि मी नीट जेवतही नाही. शिंपल्यांना हात लावू नका, पण मला टकटक करत जा.

राग सोडा, लोभ धरा.

तृप्ती

नाशिक, १४ ऑक्टोबर

चि. तृप्तीस आशीर्वाद.

रागावलो नव्हतो. तुलाही हादरा बसत असेल म्हणून गप्प होतो.

जेवलीस का?

सहादूमामा