चढावरची खडखड

केज

प्रिय तेजू,

माझ्याशी बोलायचं नाही असं तू आईला सांगितलंस. बरोबर केलंस. तुझ्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं. तरी हे पत्र तेवढं शेवटपर्यंत वाच. गॅरेजला मी कुलूप लावलंय हे आईनं सांगितलं असेल. का लावलं, ते तिलाही परवापर्यंत ठाऊक नव्हतं.

धर्मराजची पांढरी एट हंड्रेड आठवते ना? तुझ्या लग्नात वऱ्हाडाच्या पुढं होती ती. कार्बोरेटरची जुनी गाडी, पण त्यानं लेकरासारखी जपलेली. दिवाळीनंतर तो गाडी घेऊन आला आणि म्हणाला, "मिस्त्री, चढाला इंजिन लई खडखड करतंय. डब्यात खिळे हलवल्यागत." हे वाक्य मी त्याला तीनदा बोलायला लावलं. पेट्रोल कुठलं भरतोस विचारलं, तर गावातल्या टपरीवरचं, बाटलीतलं. मग माझं नेहमीचं व्याख्यान सुरू झालं. तुला ते पाठच आहे. ऑक्टेन म्हणजे दाबाखाली पेट्रोल किती दम धरतं त्याचं माप. भेसळीनं ते उतरतं. मग ठिणगीची आग पोचायच्या आधीच कोपऱ्यातलं पेट्रोल आपोआप भडकतं आणि पिस्टनवर हातोडे बसतात. नव्या गाडीला ते स्वतःच कळतं, ती सावरून घेते. जुन्या गाडीला मिस्त्रीचा कान लागतो. तू सातवीत होतीस तेव्हा तुला शेजारी बसवून चढावर हा आवाज ओळखायला शिकवला होता. "अप्पा, काचेच्या गोट्या सांडल्यात!" असं ओरडली होतीस. एवढं नेमकं माझ्या हाताखालच्या कुणालाही कधी सांगता आलं नाही.

मी टाकी रिकामी करून चांगलं पेट्रोल भरायला लावलं आणि ठिणगीचं टायमिंग लावायला बसलो. ते काम सोपं आहे. ठिणगी वाटून देणारा डिस्ट्रिब्यूटर थोडा फिरवायचा, गाडी चढाला घालायची, आवाज आला की थोडा मागं घ्यायचा. मांजरसुंब्याच्या घाटात गेलो. धर्मराज शेजारी होता. मी गिअर पाडला, पाय दाबला आणि कान लावला. काहीच नाही, तेजू. इंजिनाची थरथर हाताला लागत होती, पण आवाज म्हणून काही नव्हतं. गाडी मात्र झकास ओढत होती. मला वाटलं, बसलं टायमिंग. धर्मराज माझ्याकडं बघत काहीतरी बोलला. मी हसून मान हलवली. मिस्त्रीला कळतं, असं त्याला वाटलं असणार.

आठवडाभरानं तो आई वत्सलाबाईंना घेऊन बीडच्या दवाखान्यातून परत येत होता. घाटाच्या मध्यावर इंजिन बसलं. हातोडे बसून बसून पिस्टनला भोक पडलं होतं. म्हातारी भर उन्हात रस्त्याच्या कडेला बसून राहिली. नशीब, काही झालं नाही तिला. दुसऱ्या दिवशी धर्मराज गॅरेजवर आला. तो ओरडत होता. मानेच्या शिरा ताठलेल्या, थुंकी उडत होती, समोरच्या चहावाल्यानं गिऱ्हाईकं सोडून इकडं बघितलं. आणि मला एक अक्षर ऐकू येत नव्हतं. कधी हो म्हणावं, कधी नाही म्हणावं, ते कळेना. मी चुकीच्या जागी "बरं" म्हणालो असणार. तो एकदम थांबला आणि निघून गेला. संध्याकाळी मी शटर ओढलं.

कधीपासून, असं तू विचारशील. दोन-तीन वर्षं झाली असतील. आधी पाखरं गेली, मग लांबून मारलेल्या हाका, मग माणसं. ओठ बघून मी निभावत होतो. तुझी आई म्हणायची, हा माणूस घुम्या झालाय. मी तिला तसंच वाटू दिलं. एकदा अंबाजोगाईला जाऊन गुपचूप दाखवून आलो. डॉक्टर म्हणाले, नस वाळलीय, परत येणार नाही. कानाचं मशीन लावून पाहिलं. त्यात भांडं, माणूस, इंजिन सगळ्यांचा मिळून एकच गोंगाट होतो, आणि त्यातून शब्द काही निघत नाही. ते काढून ठेवलं. हात अजून चांगले आहेत. पण नुसत्या हातांचं काय करायचं ते मला कळत नाही. सकाळी उठतो, चहा पितो, भिंतीकडं बघत बसतो. हे बरं होणार नाही, आणि मी तुला खोटं सांगणार नाही.

आता त्या दुपारचं. तुझा फोन आला तेव्हा आई शेतात होती. नाहीतर मी फोन तिच्याच हातात देतो, तुझ्या ध्यानात आलं असेल. पडद्यावर तुझं नाव दिसलं आणि मला ठेवून देववेना. तुझा आवाज म्हणजे नुसती भणभण. आई आदल्या दिवशी म्हणाली होती की उद्या तेजूची सोनोग्राफी आहे. मला वाटलं, तेच सांगतेयस, सगळं छान आहे म्हणून. मी म्हणालो, "लई चांगलं झालं, बाळा. देवाची कृपा. आता निवांत झोप." परवा मी आईला माझ्या कानांचं सगळं सांगितलं, तेव्हा ती शेगडीपुढून उठली, माझ्यासमोर येऊन बसली. आपल्या पोटावर हात ठेवला, आणि मग दोन्ही तळवे रिकामे करून दाखवले. तेव्हा मला कळलं, तू मला काय सांगत होतीस. तेजू, तू सांगितलेलं मला ऐकूच आलं नव्हतं.

तुझाच,
अप्पा