ब्रूजहून तुला परत आणली

प्रिय शालू,

आज सकाळी तुझी शोकसभा झाली. इथं कुवेतमध्येच, मंगाफच्या हॉलमध्ये, शुक्रवारची सुट्टी बघून. मी पहिल्या रांगेत बसले होते आणि तुझा नवरा पडद्यावर तुझे फोटो दाखवत होता. डेल्फ्टच्या पुलावर तू, साल्झबर्गच्या बाकावर लाल टोपी घातलेली तू, ब्रूजच्या रिकाम्या चौकात एकटीच उभी तू. सगळे फोटो मी काढलेले. आणि हा माईक हातात धरून सांगतो, "शालूला फिरायची फार हौस. मी तिला कधी अडवलं नाही."

लोकांनी डोळे पुसले. माझे कोरडेच राहिले. घरी आले ती चपला न काढताच टेबलाशी बसले.

उद्या अकरा वाजता तुझी ऋता येणार आहे, माझ्याकडचे फोटो न्यायला. रविवारी ती टोरांटोला परत जाते आणि बाबाला कायमचं बरोबर नेते. तिची मुलगी दोन वर्षांची आहे, आजोबांनी नात सांभाळावी असा बेत आहे. म्हणून तिच्या आधी मला तुझ्याशी बोलायचं आहे. तू उत्तर देणार नाहीस, हे माहीत आहे. जिवंत असताना तरी कुठे देत होतीस?

सोळा वर्षं मी त्याला भावजी म्हटलं. आता सुधीर म्हणेन. तेसुद्धा तू ऐकते आहेस म्हणून. नाहीतर माझ्याकडे दुसरे शब्द आहेत. कॉन्व्हेंटच्या नन्सनी ते शिकवले नाहीत, मी आपले आपण मिळवले.

आपण हिवाळ्यातच का जायचो, हे किती जणांनी विचारलं असेल! मी सांगायचे, शाळेला तेव्हाच सुट्टी. खरंच होतं ते. फेब्रुवारीच्या शेवटी राष्ट्रीय दिनाच्या दोन सुट्ट्या, त्याला गुरुवार-शुक्रवार आणि एक रजा जोडली की पाच दिवस मिळायचे. वर्षानुवर्षं मुलांकडून युरोपचे नकाशे भरून घेतले, आता एखादी नदी तरी डोळ्यांनी बघावी म्हणून मी निघाले. एकटीला हॉटेलची खोली महाग पडते, म्हणून तुला विचारलं. एवढा साधा हिशोब होता माझा.

आणि आपण जाऊ तिथं सगळं बंद! बोटी ताडपत्रीखाली, हॉटेलातल्या खुर्च्या टेबलांवर उलट्या, संग्रहालयाच्या दाराला पाटी, एप्रिलमध्ये या. मी चरफडायचे. तू मात्र ओल्या दगडी रस्त्यावरून अशी चालायचीस, जशी काही तुझीच जहागीर. म्हणालीस, "पाहुणे गेल्यावरचं घर बघतोय गं आपण. माजघरातलं." हे असं बोलायचीस आणि वर म्हणायचीस, मला काही कळत नाही!

डेल्फ्टनंतर मी म्हटलं होतं, एकदा तरी मे महिन्यात रजा काढून येऊ, फुलं दिसतील. तू नको म्हणालीस. मला वाटलं, पैसे वाचवतेस. पुढच्या वर्षी लक्झेंबर्गच्या त्या छोट्या हॉटेलात आपण दोघीच उतरलो होतो. तू आंघोळ करून आलीस, टॉवेल घसरला आणि मला तुझी पाठ दिसली. जुने पिवळे वळ, त्यांवर नवे जांभळे. सगळे एका रुंदीचे.

मी विचारलं. तू म्हणालीस, पडले. मी म्हटलं, पट्ट्यावर पडलीस का?

तू स्वेटर चढवलास, गळ्यापर्यंत. मग म्हणालीस, "इथं सगळेच झाकलेले असतात, मंगल. मला कुणी विचारत नाही." कुवेतच्या उन्हाळ्यात तू कोपराखालपर्यंत बाह्यांचे ब्लाउज घालायचीस आणि मंडळातल्या बायका तुला सोज्वळ म्हणायच्या. मीही म्हणायचे. भूगोलाच्या बाईला समोरचं दिसू नये?

त्यानंतर तू थोडं थोडं सांगू लागलीस, तेही जमियात, त्या सहकारी दुकानाच्या भाजीपाशी, कांदे निवडता निवडता. म्हणजे मला ओरडता येऊ नये! डेल्फ्टहून आणलेल्या सहा निळ्या बशा त्यानं एकेक करून भिंतीवर फोडल्या. तीन तुझ्या डोक्याच्या उजव्या बाजूला, तीन डाव्या. वर म्हणाला, सातवी आणली असतीस तर मधोमध मारली असती. साल्झबर्गला निघायच्या आदल्या दिवशी त्यानं गाडीचं दार तुझ्या करंगळीवर लावलं. चुकून नव्हे. आधी "बोट ठेव" म्हणाला आणि तू ठेवलंस. त्या बोटाला पट्टी बांधून तू विमानात बसलीस आणि साल्झबर्गच्या बाकावर डाव्या हातानं दशमी खात मला म्हणालीस, बर्फ बघ किती छान पडतोय.

मी आजवर कुणाचा खून केला नाही, हा निव्वळ आळस आहे असं मला त्या दिवशी वाटलं.

मग ही मंगल काय करत होती, असं ऋता उद्या विचारेल. विचारायलाच हवं. मंगल दर जानेवारीत तुमच्याकडे जेवायला येत होती, सुधीरच्या पुढ्यात बसून. तू त्याच्या इकाम्यावर, त्याच्या निवासपरवान्यावर राहणारी, व्हिसाच्या अर्जाला त्याची संमती जोडायला लागायची. तो कागद मी शाळेत टाइप करायचे, माझं इंग्रजी नन्सनी घडवलेलं. 'माझी पत्नी अमुक तारखेला कुवेतला परत येईल.' त्याच्यासाठी मुद्दाम करंज्या न्यायचे, त्याच्या कंपनीचं कौतुक करायचे आणि सही घेताना म्हणायचे, "नेते तशी आणून देते, भावजी."

तो हसून म्हणायचा, "बाई, तुमचा शब्द म्हणजे शब्द. नाहीतर हिला जमियापर्यंत सोडायची माझी तयारी नसते."

आणि मला ते ऐकून बरं वाटायचं, शालू! माझा शब्द म्हणजे शब्द. वीस-बावीस वर्षांच्या नोकरीत मी त्याचाच तोरा मिरवला.

ब्रूजचं आता लिहायलाच हवं.

दोन हजार तीनचा फेब्रुवारी. युद्ध येणार म्हणून अर्धं कुवेत बायकामुलांना भारतात पाठवत होतं. लोक घरातली एक खोली निवडून तिच्या खिडक्यांना टेप लावत होते, विषारी वायू आत येऊ नये म्हणून. आपण तेवढ्यात पाच दिवस काढून गेलो. तिसऱ्या दिवशी कालव्याकाठच्या त्या चहाच्या दुकानात आपण दोघीच होतो, मालक काउंटरवर पेपर वाचत होता. तू कप खाली ठेवलास.

"माझा पासपोर्ट दे," म्हणालीस. "मी इथून मुंबईला जाते. दादा नाशिकहून न्यायला येईल. तू फक्त तिकीट बदलून दे."

दोघींचे पासपोर्ट माझ्या गळ्यातल्या पिशवीत होते. शाळेच्या सहलींची सवय, सगळ्यांचे कागद बाईंकडे. तू किती दिवस ठरवत होतीस, कोण जाणे. किती अचूक वेळ निवडली होतीस! त्या महिन्यात कुवेतमधून माहेरी गेलेल्या बाईला कुणी काही विचारलं नसतं. मंडळानं नाही, शेजाऱ्यांनी नाही, भावानंसुद्धा नाही.

मी काय म्हणाले?

"चोरासारखं पळायचं नाही, शालू. मी शब्द दिलाय. परत चल, त्याला तोंडावर सांग आणि मग रीतसर जा. मी असेन तुझ्याबरोबर."

रीतसर! तुझ्या करंगळीकडे बघत मी रीतसर म्हणाले.

"मंगल, त्यानं खोली तयार केलीय," एवढंच तू बोललीस. मला वाटलं, युद्धाचं बोलतेस.

तू पुन्हा मागितला नाहीस. का नाही मागितलास? रडायचं होतंस, ओरडायचं होतंस, माझ्या गळ्यातली पिशवी हिसकायची होतीस! त्या दुकानदाराशिवाय बघायला होतं कोण? पण तुला मागायची सवयच राहिली नव्हती. हे मला कळायला हवं होतं, तुला नाही.

कुवेतच्या विमानतळावर तो उभा होता. मी पासपोर्ट काढला. तू माझ्या शेजारी होतीस, त्यानं समोरून हात पुढे केला आणि मी तो त्याच्या हातात दिला. सोळा वर्षांत तुला मी कितीदा मूर्ख म्हटलं असेल. तुझ्याकडून असं काही झालं होतं का कधी?

मी तेवढ्यावर थांबले नाही. दोन दिवसांनी शहाणपणानं त्याला फोन केला. भावजी, शालूला थोडे दिवस माहेरी पाठवा, ती घाबरलीय. तो फार नम्रपणे म्हणाला, बघू या की.

मार्चमध्ये भोंगे वाजू लागले. पहिला भोंगा वाजला तसा त्यानं तुला त्या खोलीत नेलं, आतून दार लावलं, दाराच्या फटीला टेप लावली. रेडिओ मोठा केला. तू ओरडलीस ते वरच्या मजल्यावर ऐकू गेलं, पण त्या दिवशी सगळ्याच मजल्यांवर बायका रडत होत्या. भोंगा वाजत असताना रडणाऱ्या बाईचं दार कोण ठोठावतं? दुसऱ्या भोंग्याला तुझ्या दोन बरगड्या गेल्या. तिसऱ्याला जबडा. दर वेळी तो विचारत होता, "काय सांगितलंस त्या मास्तरणीला?" धोका टळल्याचा भोंगा वाजला की टेप नीट सोडवून गुंडाळून ठेवायचा, पुढच्या वेळेसाठी.

इस्पितळात सांगितलं, धावपळीत जिन्यावरून पडली. त्या आठवड्यात खरोखर पडलेले बरेच जण तिथं होते, त्यामुळे ते खपून गेलं.

मी आले तेव्हा तुझे दात तारेनं बांधलेले होते. मला वाटलं, शिव्या देशील. तू कागद मागितलास आणि लिहिलंस, ऋताला सांगायचं नाही. ऋता तेव्हा टोरांटोला कॉलेजात होती. दहाव्या वर्षी पोरीला पाचगणीच्या बोर्डिंगमध्ये टाकलीस म्हणून मी तुला आई म्हणवतेस का, असं विचारलं होतं, आठवतं? तिला घरातलं दिसू नये म्हणून पाठवलीस, हे मला त्या कागदावरून कळलं. तू माझा हात धरून डोळ्यांनी शपथ मागत राहिलीस आणि मी ती घेतली.

एक गोष्ट मात्र मी केली, तिचा मला आजही पश्चात्ताप नाही. पुढच्या वर्षी शर्कच्या मासळीबाजारात तुम्ही दोघं भेटलात. झुबैदीचा, म्हणजे पापलेटाचा, भाव करताना तू मध्ये काही बोललीस, त्यानं माझ्यादेखत तुझं मनगट पिळलं. माझ्या हातात दोन किलो पापलेटांची पिशवी होती. ती मी त्याच्या तोंडावर हाणली. एकदा नाही, दोनदा. चष्मा गेला, नाकातून रक्त आलं. इजिप्तचा कोळी म्हणाला, हजारो वर्षं जगा बाई! तू घाबरून पांढरी पडलीस, पण तुझ्या ओठांच्या कोपऱ्यात हसू होतं. मी पाहिलं.

त्याची किंमत तू दिलीस, तेही मला माहीत आहे. त्यानंतर सहली बंद, फोन बंद. चार वर्षं आपण फक्त जमियात भेटलो, तो गाडी लावेपर्यंतची सात-आठ मिनिटं. तरी म्हणायचीस, "आता कुठलं गाव राहिलंय गं?" आणि मी कांद्यांवर वाकून तुला एकेका बंद गावाचं नाव सांगायचे.

तुझं हृदय थांबलं. डॉक्टरांनी तसंच लिहिलंय आणि ते खरं आहे. त्या दिवशी तो घरी नव्हता, तेही मी कामवाल्या बाईकडून खोदून काढलं. एक तरी पुरावा मिळावा म्हणून धडपडले. मिळाला नाही. चोपन्नाव्या वर्षी बाई स्वयंपाकघरात कोसळते, त्यात पुरावा कशाचा मिळणार?

सभा संपल्यावर ऋतानं मला मिठी मारली. तुझीच उंची, तुझेच केस. "आँटी, शी वॉज हॅपी हिअर, राइट?" मी म्हटलं, उद्या ये, अकराला. मागे सुधीर उभा होता. मला म्हणाला, "बाई, सगळे फोटो द्या हं तिला." मी त्याच्याकडे बघितलं, तसा तो दोन पावलं मागे सरकला. हात रिकामे होते माझे, तरी.

शालू, मी दोन शब्द दिले होते. एक त्याला, एक तुला. त्याला दिलेला पाळला, तिथंच तू संपलीस. तुला दिलेला उद्या मोडणार आहे. तो जातोय त्या घरात दोन वर्षांची मुलगी आहे आणि तुझ्या अब्रूपेक्षा, माझ्या शब्दापेक्षा ती मोठी आहे. तू रागावशील. रागाव! एकदा तरी माझ्यावर रागाव.

मी तुला वचन देते ते असं. सुरुवात सुधीरपासून करणार नाही, ते सोपं आहे. आधी माझं सांगेन: तुझ्या आईनं माझ्याकडे सुटका मागितली होती आणि मी तिला विमानातून परत आणून तुझ्या बापाच्या स्वाधीन केली. ते ऐकूनही ऋता बसून राहिली, तर बाकीचं सगळं सांगेन. उठून निघाली, तर लिफ्टपर्यंत तिच्या मागे जाईन. लिफ्टचं दार लागलं, तर चार मजले जिना उतरेन, गुडघे गेले तरी चालतील, आणि खाली रस्त्यावर, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या देखत सांगेन.

तुझी,
मंगल