पिशवी कपड्यात मोडते का?

१४ जून, शुक्रवार

तिसरा दिवस, आणि मी अजून शर्टात!

सकाळी पाव आणायला गेलो. रांगेत सगळे नेहमीसारखे उघडे – पायात चपला, खांद्यावर टॉवेल, बाकी काही नाही. मला बघून लोकांनी माना वळवल्या. शेजारच्या कॅराव्हॅनमधली रोस्विता, वय एकोणऐंशी, भर रांगेत ओरडली, "अरे देटलेफ, काही लाजलज्जा आहे की नाही? चारचौघांत शर्ट घालून काय हिंडतोस!"

अडतीस उन्हाळे बाल्टिक समुद्राच्या या बिनकपड्यांच्या किनाऱ्यावर काढले. अडतीस वर्षं मी स्वतः कापडवाल्यांची टिंगल केली. बाराव्या खांबापलीकडे ओल्या चड्ड्या घालून कुडकुडत बसणारी जमात! आता मीच कापडवाला.

१५ जून

दारावर चिठ्ठी. सही नाही. "कपडे घालणाऱ्यांचा किनारा बाराव्या खांबापासून पुढे आहे. धन्यवाद."

धन्यवाद म्हणे!

१७ जून, सोमवार

लिहूनच टाकतो. निदान कागदाला तरी कळू दे.

मार्चमध्ये ऑपरेशन झालं. गाठ काढली, तिच्याबरोबर आतड्याचा शेवटचा तुकडाही गेला. उरलेल्या आतड्याचं तोंड पोटावर डावीकडे आणून शिवलंय. त्यावर पिशवी चिकटवायची, भरली की बदलायची. डॉक्टर म्हणाले, "हिच्यासकट माणूस नव्वदीपर्यंत आरामात जगतो." जगेल की! पण उघडा कसा हिंडेल, ते नाही सांगितलं.

मार्लीसलासुद्धा दाखवलेलं नाही. आतून कडी लावतो. लग्नाला एकोणचाळीस वर्षं झाली आणि बायकोपासून पोट लपवतोय. माझी मलाच किळस येते. आरशाकडे पाठ करून पिशवी बदलतो.

ठरवलं – हा शेवटचा उन्हाळा. कॅराव्हॅन विकायची, जागा सोडायची. मार्लीसला सांगितलं तेव्हा ती बटाटे सोलत होती. सोलतच राहिली. आठवडाभर पुरतील एवढे सोलले.

१९ जून, बुधवार

आज हद्द झाली.

दुपारी एक ते तीन इथे शांतता. खोकला आला तरी उशीत तोंड खुपसायचं. आणि नेमकी पावणेदोनला पिशवीने तोंड उघडलं! आधी गुडगुड, मग एक लांबलचक शिट्टी. मी वरून दोन उशा दाबल्या. उशांमधूनही शिट्टी!

मिनिटाभरात आमच्या क्लबचा अध्यक्ष खिडकीत हजर. हार्टमुट क्रेप्लीन. अंगावर सूत नाही, पण पोटाशी घट्ट धरलेलं ते लिहायचं पॅड, क्लिपसकट. अकरा वर्षांपूर्वी एक उन्हाळा तो आलाच नव्हता. नंतर उगवला तो हे पॅड घेऊन, आणि थेट अध्यक्षच झाला. तेव्हापासून पॅड सुटलेलं नाही. पोहायलासुद्धा पहाटे पाचला एकटाच जातो, पाण्याचं तापमान मोजायला म्हणे.

"आवाज कुठून?"

"पोटातून."

त्याने बराच वेळ माझ्या शर्टाकडे बघितलं. मग अगदी हळू म्हणाला, "कोबी बंद कर. कांदासुद्धा." आणि गेला.

डोक्यात तिडीक गेली! कुंपण किती उंच, टॉवेल किती लांब, हे सगळं ठरवून झालं. आता हा माझ्या ताटात नियम वाढणार!

२० जून

जागा सोडायचा फॉर्म मागायला गेलो. क्रेप्लीन म्हणाला, "फॉर्म संपलेत."

क्रेप्लीनकडचे फॉर्म संपले! ज्याच्याकडे फॉर्म मागवायचासुद्धा वेगळा फॉर्म असतो!

२२ जून, शनिवार

वार्षिक सभा.

विषय साधा होता. श्याऐंशी साली वाळूच्या टेकडीवर सगळ्या सभासदांचा फोटो काढला होता. तो सभागृहात टांगलाय. त्यात मी आहे – चोवीस वर्षांचा, पोट आत, छाती बाहेर, शुद्ध मूर्ख. तसाच फोटो पुन्हा काढायचा. बर्लिनहून फोटोवाली येणार. सगळे खूश.

आणि क्रेप्लीन उठला. पॅडवरून वाचलं, "विषय सातवा. एखाद्या सभासदाच्या पोटावर वैद्यकीय कारणाने पिशवी असेल, तर ती नियम चारनुसार बंदी असलेल्या कपड्यांत मोडते का?"

नाव घेतलं नाही. पण अख्ख्या सभागृहात शर्ट घातलेला माणूस एकच! चव्वेचाळीस माना माझ्याकडे वळल्या. मेल्याहून मेल्यासारखं झालं. मार्लीसने टेबलाखाली माझा हात इतका घट्ट धरला की बोटं पांढरी पडली.

मग चर्चा. तासभर!

"पिशवीला शिवण असते का? शिवण असेल तर कापड."

"मग माझी कवळी काय आहे?" ही रोस्विता. "काढून ठेवू का टेबलावर?"

"नको!" सगळे एकदम.

"सत्त्याऐंशी साली ओटोचा पाय प्लास्टरमध्ये होता. तेव्हा काय धरलं होतं?"

जुनं बाड काढलं. प्लास्टर तेव्हा बांधकामात धरलं होतं. परवानगीसह.

"पिशवी बांधकाम नाही हो. ती तर चिकटवतात."

"मग चिकटपट्टीसारखी?"

"तिकिटासारखी."

शेवटी मतदान. पिशवी कपडा नव्हे – बाजूने चव्वेचाळीस, विरोधात कोणी नाही. मी हात वर केला नव्हता, मार्लीसने माझाच हात धरून वर केला. एक तटस्थ. अध्यक्ष! "माझा संबंध येतो," म्हणाला. कसला डोंबलाचा संबंध! स्वतःच विषय काढायचा, माझी अब्रू चव्हाट्यावर मांडायची आणि मत द्यायची वेळ आली की अंग काढून घ्यायचं.

फोटोला मी उभा राहणार नाही. नाही म्हणजे नाही.

२३ जून, रविवार

येणारा-जाणारा प्रत्येक जण थांबून सांगतो, "काळजी करू नकोस देटलेफ, ठरावात मंजूर झालंय."

२७ जून

फोटोवाली आली. युडिथ, तिशीतली. संध्याकाळी सगळ्यांना बसवून बोलली – उघड्यावर, वाऱ्यात, स्वतःच्या शरीरासकट उभं राहिलं की माणूस स्वतःला स्वीकारायला शिकतो, वगैरे.

कोणाला काही कळेना. रोस्विता म्हणाली, "बाई गं, मी अठ्ठावन्न सालापासून उघडी आहे. आता आणखी काय स्वीकारू?"

सगळे हसले. मीही हसलो. पण हीच रोस्विता कोणी कॅमेरा काढला की श्वास रोखून पोट आत ओढते. साठ-पासष्ट वर्षं ओढतेय. आम्हाला वाटतं, कपडे काढले की काम झालं. मला तर आतून कडी लागते. ती पोरगी बोलत होती आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. वाळू गेली म्हणून सांगितलं.

२९ जून, शनिवार

लिहितो. नीट लिहितो.

मी लांब, किनाऱ्याबाहेर उभा होतो, शर्टात, नुसता बघायला. सगळे उंचीप्रमाणे टेकडीवर लागले. युडिथने कॅमेरा तिकाटण्यावर चढवला आणि क्रेप्लीन तिच्यासमोर उभा.

"नियम चार. किनाऱ्यावर सर्व व्यक्तींना लागू."

"पण मी फोटो काढणारी आहे!"

"फोटो काढणारी व्यक्तीच असते."

बिचारीने काढले कपडे! जगाला स्वतःला स्वीकारायला शिकवणारी ती मुलगी लालबुंद होऊन कॅमेऱ्यामागे आकसून उभी. वारा असा की दातावर दात. बोट बटणावर ठरेना. चव्वेचाळीस उघडी माणसं तिच्याकडे बघतायत आणि तिला रडू फुटायच्या बेतात.

मला बघवेना. चालत गेलो, शर्ट काढला, तिच्या खांद्यावर टाकला.

"घाल गं पोरी. गारठशील."

मग कळलं, मी काय केलं ते.

क्रेप्लीनने पॅडवर काहीतरी लिहिलं. म्हणाला, "पाहुण्याला एक शर्ट. मंजूर."

मार्लीस पहिल्या रांगेतून दोन पावलं पुढे आली. माझ्या पोटाकडे बघितलं. चांगलं निरखून. "एवढंच? अरे मेल्या, मार्चपासून मी काय काय कल्पना केल्या! वाटलं, आत काही शिल्लकच ठेवलं नाही की काय." आणि रडली. मग मीही. मी बुटका, माझी जागा पहिल्याच रांगेत. तिच्या शेजारी उभा राहिलो.

युडिथ ओरडली, "हातातलं सगळं खाली! टोप्या, टॉवेल! आणि मागचे, उजवीकडचे शेवटचे – तुम्ही! ते पॅडसुद्धा!"

युडिथ थांबली, बटण दाबेना. लोक कुजबुजायला लागले. "समोर बघा, समोर!" ती ओरडली, म्हणून मी वळलो नाही. मग वाळूत काहीतरी पडल्याचा आवाज आला.

फोटो झाला. वळून बघतो तर क्रेप्लीन पॅड पोटाशी धरून निघालेला. रोस्विता ताडमाड उंच, त्याच्याच शेजारी होती. जेवणापर्यंत एक शब्द बोलली नाही. म्हटलं, आजारी पडली की काय.

कडी न लावता पिशवी बदलली.

१ जुलै, सोमवार

क्रेप्लीन दारात. "फॉर्म आलेत. देऊ?"

"नको."

"बरं," म्हणाला, आणि पॅडवर खूण केली. वर म्हणतो, "वाटाणेसुद्धा नको खाऊ." नाकाने कांदे सोलायची सवय जात नाही!

१६ जुलै, मंगळवार

फोटो आला. मी पुढे, पोट आत घेतलेलं नाही. मार्लीस हसतेय.

मागच्या रांगेत, उजव्या टोकाला हार्टमुट. पॅड पायाशी वाळूत. दोन्ही हात मोकळे सोडलेले. आणि पोटावर डावीकडे, माझ्याच जागी, पिशवी.

अकरा वर्षं!

उद्या पहाटे पाचचा गजर लावलाय. पाण्याचं तापमान मोजायला जातो.